जुना ट्रॅक्टर घेताना आधी त्याचा सातबारा बघा



कारखाने बंद झाले की आपल्या भागात जुन्या ट्रॅक्टरची खरेदी-विक्री सुरू होते. कराड, वाळवा, पलूस, कडेगाव, कुठंही जावा. रस्त्याकडेला रंगवलेले ट्रॅक्टर ओळीनं उभे दिसतात. यंदा मीपण भाच्याला घेऊन महिनाभर त्या ओळी हिंडलो. त्यातलं जे कुणाच्या उपयोगाला येईल ते लिहून ठेवतोय. मी मिस्त्री नाही, दहावी शिकलेला शेतकरी आहे. पण या विषयात एकदा पैसे भरून शिकलोय, म्हणून लिहायचा थोडा अधिकार आहे असं समजतो.

आधी माझी शिकवणी सांगतो, कारण भाच्याबरोबर मी का हिंडलो ते त्याशिवाय कळणार नाही.

२०१३ साली मी पहिला जुना ट्रॅक्टर घेतला. दोन लाख पंच्याऐंशी हजाराला. थोडे पैसे उसाच्या बिलाचे होते, थोडे हातउसने, आणि उरलेल्यासाठी बायकोच्या पाटल्या मोडल्या. एजंट ओळखीच्या माणसाच्या ओळखीचा. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केली, पेढे वाटले, ट्रॅक्टर दारात आला. आरसी बुक मी बघितलं होतं, बरं का. त्याच्यावर मालकाच्या नावाखाली एका बँकेचं नाव होतं. मी एजंटला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "कर्ज कवाच फिटलंय मालक, नाव तेवढं काढायचं राहिलंय." मी मान हलवली.

दहा महिन्यांनी मी सरी सोडत होतो तेव्हा बांधावर चार माणसं येऊन उभी राहिली. वसुलीची. मूळ मालकानं हप्ते थकवलेले. ट्रॅक्टर माझ्या रानातनं, अर्धी सरी तशीच ठेवून, घेऊन गेले. एजंटचा फोन बंद. मूळ मालक म्हणाला, मला एजंटनं सगळे पैसे दिलेच नाहीत. माझ्याकडं काय होतं? शंभराचा स्टॅम्प. शेवटी बँकेशी तडजोड करून एक लाख दहा हजार भरले आणि ट्रॅक्टर सोडवून आणला. म्हणजे चार लाखाच्या जवळ गेला. तेवढ्यात त्या वेळी याच्यापेक्षा बरा मिळाला असता.

बायको त्याच्यावर एक शब्द बोलली नाही. पण लग्नकार्याला निघाली की ती हातात दोन-दोन डझन काचेच्या बांगड्या भरती. मोकळा हात दिसू नये म्हणून. ते बघितलं की मला ती अर्धी सरी आठवती.

आता भाच्याचं. माझी थोरली बहीण कडेगाव तालुक्यात दिली. तिकडं पूर्वी पावसावरची ज्वारी-बाजरी. आता टेंभूचं पाणी आलंय. पाणी उचलतात आमच्या कराडजवळ कृष्णेतनं आणि ऊस उभा राहतोय आक्काच्या रानात. दाजी चार वर्षांपूर्वी गेले. भाचा सत्तावीसचा, पाच एकर रान, त्यात तीन एकर ऊस. मेच्या सुरवातीला फोन आला, "मामा, ट्रॅक्टर बघून ठेवलाय. लई भारी हाय. पाच हजार विसार देतोय उद्या." मी म्हणालो, "पैसे कुठनं आणले?" तर दोन म्हशी विकल्या, आक्कानं बचत गटातनं कर्ज काढलं आणि थोडे साठवलेले. मिळून चार लाख. मी म्हणालो, विसार देऊ नकोस, मी येतोय.

गेल्यावर पहिल्यांदा ट्रॅक्टरचं नावच काढलं नाही. वही काढायला लावली. म्हणालो, गेल्या वर्षी भाड्याच्या ट्रॅक्टरला किती दिलेस ते लिही. नांगरट, रोटर, सरी, भरणी, ट्रॉलीच्या खेपा, सगळं धरून अडतीस हजार झाले. मग दुसऱ्या बाजूला लिहिलं. चार लाख अडकले, त्याचं वर्षाचं व्याज बारा टक्क्यानं अठ्ठेचाळीस हजार. ऑईल, फिल्टर, टायरची झीज, किरकोळ कामं धरून तीस-पस्तीस हजार. विमा वेगळा. डिझेल तर अजून धरलंच नाही. म्हणजे पाच एकरासाठी स्वतःचा ट्रॅक्टर हा सरळ तोटा.

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, पण वेळेवर मिळत न्हाय ओ भाड्याचा. गेल्या साली वाफसा गेला, सोयाबीन बारा दिवस मागं पडलं." तेही खरं होतं. तो हिशोब वहीत बसत नाही, पण रानात दिसतो. शेवटी असं ठरलं की शेजारची पंधरा-वीस एकर कामं आधी बोलून ठेवायची, ती पक्की झाली तरच ट्रॅक्टर. आठवड्यात त्यानं सहा घरं पक्की केली. मग मी हो म्हणालो.

आणखी एक गोष्ट आधी केली. शोरूमला जाऊन नव्याचा भाव घेतला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नवा ट्रॅक्टर त्यामुळं स्वस्त झाला, पण जुना विकणारे अजून पूर्वीच्या नव्याच्या किमतीवरनं भाव सांगतात. नव्याचा आजचा भाव खिशात असला की बोलणं जमिनीवर येतं.

पहिला ट्रॅक्टर

भाच्यानं बघून ठेवलेला. कराडच्या बाहेर रस्त्याकडेला. २०१५ चं मॉडेल, रंग चकचकीत, टेप, लाईटा, मागं झालर. सांगणं तीन लाख नव्वद हजार. आम्ही सकाळी नऊला पोचलो. मी काही न बोलता पहिल्यांदा बॉनेट उघडलं आणि इंजिनला हात लावला. गरम. म्हणजे आम्ही यायच्या आधी कुणीतरी चालू करून ठेवलेला.

मंडळी, हे ध्यानात ठेवा. इंजिनाचा आजार गार असताना दिसतो. गार इंजिन एका सेल्फात उठतं का, धूर कसला येतो, आवाज कसा करतं, हे बघायचं असतं. निळा धूर सारखा येत राहिला तर ऑईल जळतंय. काळा आला तर डिझेल नीट जळत नाही, एअर फिल्टर नाहीतर नोझल-पंपाचं काम असेल. पांढरा धूर थंडीत सुरवातीला थोडा चालतो, पण इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर पाणी आत जातंय का ते बघायचं. चालू इंजिनाचं ऑईल भरायचं झाकण उघडून बघा. तिथनं भकाभका धूर येत असेल तर रिंगा-बोअर गेलेत. गरम करून ठेवलेल्या गाडीत यातलं निम्मं झाकून जातं.

मीटर दोन हजार एकशे चाळीस तास दाखवत होतं. एजंट म्हणाला, "मालक, एका हातची गाडी हाय, घरच्या शेतीलाच वापरलीय." मी खाली वाकून क्लचचं पेडल बघितलं. वरचं रबर नवं कोरं आणि खालचं लोखंड घासून आरशासारखं झालेलं. दोन हजार तासात पेडल असं घासत नाही. मग मागं गेलो. ट्रॉलीच्या हुकाचं भोक गोल राहिलं नव्हतं, अंडाकृती झालेलं. पण मागच्या लिंकांची भोकं मात्र जवळपास नव्यासारखी.

याचा अर्थ सरळ आहे. नांगर-रोटर या ट्रॅक्टरनं फारसा ओढलाच नाही. याचा जन्म गेला ऊस वाहण्यात, मागं दोन-दोन ट्रॉल्या लावून. आपल्याकडचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो तो उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. तेवढे महिने रात्रंदिवस वाहतूक. त्यात क्लच, ब्रेक, गिअर आणि मागचा एक्सल यांचं सगळं आयुष्य जातं. ऊस वाहणारा ट्रॅक्टर वाईट असतो असं मी म्हणत नाही. त्यावर कैक घरं चालतात. पण तो ऊसवाहतुकीचा म्हणून सांगून, त्या भावात विकावा. घरच्या शेतीचा म्हणून नव्हे.

मी एक चाचणी करूया म्हणालो. ब्रेक दाबून, मोठा गिअर टाकून, क्लच हळूहळू सोडायचा. क्लच चांगला असेल तर इंजिन गुदमरून बंद पडतं. प्लेट गेली असेल तर इंजिन चालतच राहतं आणि गाडी जागची हलत नाही. एजंट म्हणाला, "असं करू नका मालक, गाडी खराब होती." मी म्हणालो, मग राहू द्या.

परत येताना भाचा फुगून बसलेला. मी त्याला किर्लोस्करवाडीची गोष्ट सांगितली. १९१० साली तो कारखाना आपल्या या माळावर उभा राहिला. लोखंडी नांगर घ्यायला सुरवातीला शेतकरी तयार नव्हते. लोखंडानं जमीन नासते अशी समजूत होती. त्या लोकांचा संशय जरा जास्तच होता. पण आपण आता उलट्या टोकाला गेलोय, रंग बघून विसार देतो.

दुसरा ट्रॅक्टर

हा पाटण तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. सांगणं दोन लाख साठ हजार. मालक आमच्याच वयाचा, सरळ माणूस. त्यानं स्वतःच सांगितलं, "पाव्हणं, ही गाडी भाताच्या चिखलात राबलीय. आत पाणी गेलेलं हाय." आम्ही गिअरचं ऑईल काढून बघितलं तर दुधाच्या चहासारखं. ऑईलमध्ये पाणी मिसळलं की असा रंग येतो. मागच्या चाकांची सीलं गळत होती, पुढचा एक्सल हलत होता. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली आणि आडवं हलवून बघा, झीज तिथंच कळती.

बरोबर नेलेल्या मिस्त्रीनं अंदाज दिला, ऐंशी हजाराचं काम. कागद मात्र स्वच्छ होते. इंजिनही बरं होतं. ज्याच्या घरात मिस्त्री आहे त्यानं हा ट्रॅक्टर डोळे झाकून घ्यावा. भाच्याला दुरुस्तीतलं काही कळत नाही, आणि जून तोंडावर आलेला. सोडून दिला. निघताना मालकाच्या घरी चहा झाला. इतकं खरं सांगणारा माणूस महिन्यात तो एकच भेटला.

इथं एक सांगतो. मिस्त्रीला दिवसाचे हजार रुपये आणि जेवण दिलं. भाच्याला ते जड वाटत होतं. चार लाखाच्या मालावर हजार रुपये म्हणजे काहीच नाहीत. फक्त मिस्त्री आपला न्यायचा, विकणाऱ्यानं सुचवलेला नाही.

तिसरा ट्रॅक्टर

हा खटाव तालुक्यात मिळाला. तिकडं बटाटा, कांदा, ज्वारी. ऊस कमी, चिखलणी नाहीच. २०१२ चं मॉडेल, बेचाळीस एचपी, मीटरवर चार हजार तीनशे तास. रंग उडालेला, सीट फाटलेली, पत्र्याच्या शेडमध्ये उभा. भाच्यानं बघितल्याबरोबर तोंड वाकडं केलं. "मामा, पहिल्याच्या दुप्पट चाललाय की ह्यो."

मालक दोन वर्षांपूर्वी वारलेले. घरात त्यांची बायको आणि पुण्यात नोकरीला असलेला मुलगा. काकू आतनं कॅलेंडरांची गुंडाळी घेऊन आल्या. दर महिन्याच्या पानाच्या पाठीमागं त्यांच्या मालकांच्या हातचं लिहिलेलं. इंजिन ऑईल बदलले, इतके तास. डिझेल फिल्टर बदलला. पंखापट्टा नवीन. अडीचशे तासाच्या आसपास दर खेपेला ऑईल. नऊ-दहा वर्षांची कॅलेंडरं त्या बाईंनी जपून ठेवलेली. म्हणाल्या, "त्यांचं अक्षर हाय, टाकवत न्हाय."

मी भाच्याला ती पानं हातात दिली. चार हजार तीनशे तास खरे होते, कारण ते लिहिलेले होते. पहिल्या ट्रॅक्टरचे दोन हजार तास कुणाचे होते ते देव जाणे. मीटर बदलता येतं. मीटरवरचा आकडा नुसता बघू नका, तो पेडल, हूक, लिंका यांच्याशी जुळतो का ते बघा.

इंजिन गार होतं, एका सेल्फात उठलं. निळा धूर नाही. पलटी नांगर लावून वर उचलला, इंजिन बंद केलं आणि तसाच ठेवून चहाला गेलो. अर्ध्या तासानं चार बोटं खाली आलेला. हायड्रोलिक ठीक. पीटीओच्या दांड्याचे दाते भरलेले होते. क्लच मात्र जरा मऊ वाटला. मिस्त्री म्हणाला, एक हंगाम निघंल, जास्त नाही. पुढचे टायर गेलेले. मागच्या टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. त्यावर २३२१ होतं, म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. अजून निम्मं आयुष्य शिल्लक. मागच्या टायरची नवी जोडी मला गेल्या वर्षी पंचेचाळीस हजाराला पडली, त्यामुळं हे चार आकडे वाचायला चुकू नका.

आता खरी गंमत कागदात होती. आरसी बुक वारलेल्या मालकाच्या नावावर. आणि खाली बँकेचं नाव.

मंडळी, ते नाव वाचल्यावर माझ्या पोटात गोळा आला. तेच बारा-तेरा वर्षांपूर्वीचं. काकू म्हणाल्या, "कर्ज फिटलंय ओ." या बाई खोटं बोलत नव्हत्या, हे दिसत होतं. पण मला त्या एजंटचंही तसंच दिसलं होतं. मुलाला फोन लावला. तो म्हणाला, सगळे हप्ते २०१७ लाच फिटलेत, बाबांनी आरटीओचं काम तेवढं केलं नाही. उद्याच न्या, मी नंतर सह्या करतो, तुमची अडचण होणार नाही.

भाचा तयार. भाव दोन लाख पंच्याण्णव हजारावर तुटला होता. जून चार दिवसावर. मी म्हणालो, कागद झाल्याशिवाय ट्रॅक्टर हलणार नाही.

त्यावरनं परत येताना आमची वाजली. "मामा, तुमचं एकदा झालं म्हणून सगळी जगं तशीच व्हय? बाई दिसत न्हाय का तुम्हाला कशी हाय?" मी म्हणालो, "बाई चांगली आहे म्हणूनच सांगतोय. उद्या बँकेत काही निघालं तर तिच्या दारात जाऊन तू भांडणार आहेस का?" त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. पण कडेगावपर्यंत बोलला नाही.

घरी गेल्यावर आक्का एवढंच म्हणाली, "सातबारा न बघता जमीन घेशील का रं?" झालं. तिथं विषय मिटला.

आपण अर्धा गुंठा घ्यायचा झाला तरी सातबारा काढतो, बोजा बघतो, वारस लागलेत का विचारतो. ट्रॅक्टरचं आरसी बुक म्हणजे त्याचा सातबाराच. त्यावर मालक कोण, बोजा कुणाचा, सगळं लिहिलेलं असतं. बोजा फिटला असं तोंडानं सांगून चालत नाही, तो उतरलेला दिसला पाहिजे.

मग असं केलं. दहा हजार विसार दिला, ऑनलाईन, काकूंच्या खात्यावर. साध्या कागदावर लिहून घेतलं की बोजा उतरून आणि वारसाच्या नावावर होऊन गाडी द्यायची, नाही झालं तर विसार परत. मुलगा रजा काढून आला. बँकेकडनं कर्ज फिटल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ सही-शिक्क्यानं घेतला. त्याच्यावर आरटीओत बोजा उतरतो. मालक वारलेला असला की आधी वारसाच्या नावावर करावं लागतं, त्याला फॉर्म ३१. मग विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०, ज्याला आपल्याकडं टीटी फॉर्म म्हणतात. बँकेला जुनी फाईल सापडायलाच बारा दिवस लागले. सगळं मिळून पाच आठवडे गेले.

तेवढ्यात पाऊस झाला. भाच्यानं यंदाही भाड्याच्या ट्रॅक्टरनं रोटर मारला आणि यंदाही त्याच्यासाठी सहा दिवस थांबला. बोलून ठेवलेल्या सहा घरांतली दोन घरं दुसरीकडं गेली. हे नुकसान झालं, ते लपवत नाही. माझ्या हट्टापायी झालं असं तो म्हणाला तर मी हो म्हणेन.

पण ट्रॅक्टर आला तो त्याच्या नावावर. आरसीवर खाली बँकेची जागा मोकळी. विमा त्याच्या नावानं. आणि चार लाखातले लाखभर रुपये हातात शिल्लक. पुढचे टायर बदलले. दीड महिन्यात क्लच प्लेट गेली, मिस्त्री म्हणाला होता तशी. प्लेट, बेअरिंग आणि मजुरी धरून सोळा हजार लागले. भाच्याचा फोन आला, पण आवाजात घबराट नव्हती. पैसे बाजूला ठेवलेले होते. जुना ट्रॅक्टर घेताना जवळचे सगळे पैसे किमतीत घालू नका, मंडळी. पाचातला एक भाग तरी मागं ठेवा. जुनी गाडी पहिल्या हंगामात काही ना काही मागतीच.

विकणाऱ्यांसाठीही दोन शब्द. नोटरी करून गाडी दिली म्हणजे आपण सुटलो, असं समजू नका. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय, आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक. पुढं गाडी चार हातात गेली आणि अपघात झाला तरी भरपाईची जबाबदारी दप्तरातल्या मालकावर येते. म्हणून नावावर करून देण्यात घेणाऱ्याइतकंच विकणाऱ्याचंही हित आहे. कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसात आणि घेणाऱ्यानं ३० दिवसात आरटीओला कळवायचं असतं.

आता थोडक्यात, मोबाईलमध्ये ठेवण्यापुरतं:

१. आधी वही. भाड्याचा खर्च आणि स्वतःच्या ट्रॅक्टरचा खर्च समोरासमोर मांडा. बाहेरची कामं पक्की नसतील तर पाच-सहा एकराला घेऊ नका.

२. आरसी बुक मूळ बघा, झेरॉक्स नाही. विकणारा आणि आरसीवरचा मालक एकच आहे का, आधारकार्डाशी ताडून बघा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघा, दंडाची चलनं बाकी आहेत का तेही तपासा.

३. चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचा. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उठते, ती आरसीशी जुळवा. खाडाखोड किंवा ताजा रंग दिसला तर तिथनंच परत फिरा.

४. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्यावरच पुढचं बोला. अनुदानातला ट्रॅक्टर असेल तर विक्रीची काय अट आहे ते कृषी कार्यालयात विचारा. दुसऱ्या आरटीओचं पासिंग असेल तर तिथली एनओसी लागेल का ते आधी विचारून घ्या.

५. पासिंगला १५ वर्षं होत आली असतील तर पुनर्नोंदणी करावी लागते, ती ५ वर्षांसाठी मिळते. तो खर्च आणि हेलपाटे किमतीतनं कमी करा. भाच्याच्या ट्रॅक्टरला २०२७ ला पंधरा पुरी होतात, त्याचेच आम्ही पंधरा हजार कमी करून घेतले.

६. ट्रॉली बरोबर घेत असाल तर तिचं पासिंग वेगळं असतं. तिचेही कागद बघा.

७. सकाळी लवकर जा, न सांगता जा, आणि पहिला हात इंजिनाला लावा.

८. गाडी कुठल्या भागात आणि कुठल्या कामात राबली ते विचारा. ऊसवाहतुकीची असेल तर क्लच, ब्रेक, हूक. चिखलणीची असेल तर सीलं, गिअर ऑईल, पुढचा एक्सल. रानातल्या कामाची असेल तर लिंका, हायड्रोलिक, पीटीओ.

९. पैसे खात्यावर द्या. रोख द्यायचेच झाले तर पावती आणि दोन साक्षीदार.

परवा कडेगावला गेलो होतो. भाच्यानं शेडच्या भिंतीला कॅलेंडर टांगलंय. सहज पान उलटून बघितलं तर मागं लिहिलेलं होतं, इंजिन ऑईल बदलले, ४,४१० तास. अक्षर वेडंवाकडं आहे, पण लिहिलंय.

काकूंनी जुनी कॅलेंडरं आम्हाला दिली नाहीत, आम्हीपण मागितली नाहीत.

सध्या एवढंच. खोडव्याला भरणी राहिलीय, वाफसा आला की त्यावर लिहितो.